चिरुटातला चुना

जहाजावर इंजिनिअर असलेला माझा भाचा यंदा दिवाळीला आला तो क्यूबातल्या हवानाच्या बंदरातून घेतलेली एक छोटी लाकडी पेटी घेऊन. पेटीत पाच सिगार. जेवणं झाल्यावर गच्चीत बसलो होतो तेव्हा त्याने एक माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "मामा, धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात खेळवायचा आणि सोडून द्यायचा. म्हणून तर सिगारने काही होत नाही."

हे शेवटचं वाक्य मला फार खटकलं. चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी ते अनेकदा ऐकलं आहे. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, सिगारेट कधी ओढली नाही. पण सिगार म्हणजे नेमकं काय, तिच्या धुरात चॉकलेट, कॉफी, चामडं असले वास शोधणारी माणसं खरं बोलतात की उगाच, हे स्वतः पाहावं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही, पेन, पाण्याचा तांब्या आणि लाल लिटमस कागदाची पुडी घेऊन बसलो.

सिगार छोटीच होती. या आकाराला पेतित कोरोना म्हणतात: लांबी १२९ मिलिमीटर, जाडी ४२ गेज. सिगारचं गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे ही साधारण पावणेसतरा मिलिमीटर जाड. काट्यावर आठ ग्रॅमच्या आसपास भरली. कागद नाही, फिल्टर नाही, सगळी पानंच. सर्वांत बाहेर कापा, म्हणजे अंगावरचं तुकतुकीत पान; ते क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागात पातळ कापडाच्या मांडवाखाली, सावलीत वाढवतात. त्याच्या आत बांधणीचं पान, कापोते. आणि पोटात भरलेली त्रिपा. त्रिपामध्येही झाडाच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या भागातली पानं वेगवेगळ्या मापाने घालतात. वरच्या पानांना ऊन सर्वांत जास्त, म्हणून ती जाड, तेलकट आणि निकोटिनने भरलेली. त्यांना लिखेरो म्हणतात. ती सावकाश जळतात, म्हणून कारागीर ती बरोबर मधोमध ठेवतो.

जाडी कमी झाली की चव बदलते, आणि याचं कारण शाळेतल्या भूमितीत आहे. परीघ जाडीच्या पटीत वाढतो, आतलं क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाच्या पटीत. म्हणून ५० गेजच्या, रोबुस्तो नावाच्या जाड सिगारशी तुलना केली तर ४२ गेजच्या सिगारमध्ये पोटातल्या पानांच्या मानाने वरच्या पानाचा वाटा सुमारे १९ टक्क्यांनी जास्त पडतो. बारीक सिगारमध्ये कापाची चव पुढे येते असं जाणकार म्हणतात, त्यात तथ्य आहे.

टोक कापलं, काडी लावली. पहिले दोन झुरके नुसते कडवट आणि तिखट. हे तिखटपण चव नव्हे. मिरी किंवा मोहरी झोंबते ती चेहऱ्यातल्या त्रिधारा नावाच्या चेतातंतूमुळे, आणि तंबाखूचा धूरही तिथेच झोंबतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी सगळं नाकाचं काम. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत घट्ट धरून वेलचीचे दाणे चावा. थोडं कडसर, थोडं गार, बस. नाक सोडा, आणि क्षणात वेलची येते. तोंडातला वास घशामागून वर चढून नाकाच्या छताशी पोचतो, तिथे सुमारे ४०० प्रकारचे वास-ग्राहक असतात. अशा ग्राहकांच्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधून काढल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ साली नोबेल मिळालं.

भाच्याने सांगितलं तसं थोडासा धूर तोंडातून मागे नेऊन नाकावाटे सोडला. आणि खरंच, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आला. कढईतून नुकत्याच काढलेल्या, सालं अजून गरम असलेल्या दाण्यांचा. पुढच्या झुरक्याला कोकोसारखं काहीतरी. हे भास नव्हेत. अमिनो आम्लं आणि शर्करा तापून एकत्र आली की पायराझिन नावाची संयुगं तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्यात, कॉफीत, कोकोत तीच असतात आणि सिगारच्या धुरातही. अशीच दुसरी एक गोष्ट तर मला फारच सुंदर वाटते. तंबाखूचं पान वाळताना पिवळं पडतं, त्यातली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं मोडतात, आणि त्या मोडतोडीतून डॅमॅसेनोन नावाचा रेणू निघतो. गुलाबाच्या तेलाचा वास ज्या मोजक्या रेणूंवर उभा आहे त्यांतला हा एक. अब्ज भागांत एक भागाहूनही कमी असला तरी नाकाला कळतो. तेव्हा चव सांगणाऱ्यांवर सरसकट अविश्वास दाखवायचं कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. धूर छातीत न घेताही सिगार 'चढते' कशी? सिगारेटचा धूर तोंडात धरून सोडला तर निकोटिन फारसं अंगात जात नाही. ते मिळायला धूर फुप्फुसात ओढावाच लागतो. सिगारला ती गरज का नाही?

उत्तर आमच्या आजोबांच्या तळहातावर होतं. जेवण झालं की ते चंची सोडत, चिमूटभर तंबाखू डाव्या हातावर घेत, डबीतला चुना नखाने काढून त्यावर लावत आणि अंगठ्याने मळत बसत. मळून झाल्यावर दोन टाळ्या. ती धूळ उडाली की आम्ही पोरं शिंकत लांब पळायचो. चुना कशाला घालायचा असं विचारलं तर ते म्हणत, "त्याशिवाय ती लागत नाही." हे वाक्य शब्दशः खरं आहे, आणि त्यामागचं रसायन असं.

निकोटिनच्या रेणूला एक हायड्रोजन आयन चिकटू शकतो. चिकटला की रेणूवर धन प्रभार येतो; सुटला की रेणू प्रभाररहित, मोकळा. आपल्या गालाच्या आतल्या पेशींचं आवरण तेलासारखं आहे. प्रभार असलेला रेणू पाण्यात रमतो, तेलात शिरत नाही, म्हणून तो गालाच्या बाहेरच अडकून राहतो. मोकळा रेणू मात्र सहज आत जातो. किती रेणू मोकळे असतील हे भोवतालच्या सामूवर (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ठरतं. निकोटिनसाठी कळीचा आकडा ८. सामू बरोबर ८ असेल तर निम्मे रेणू मोकळे, निम्मे प्रभारित. सामू एकाने खाली आला की मोकळ्यांचं प्रभारितांशी असलेलं गुणोत्तर दहा पटीने घटतं, कारण सामूचं मापच लॉगॅरिदमचं आहे. म्हणजे ७ ला मोकळे सुमारे ९ टक्के, ६ ला जेमतेम १ टक्का. उलट बाजूला ९ ला ९० टक्क्यांहून जास्त. पानात निकोटिन असतं ते मॅलिक, सायट्रिक अशा आम्लांशी बांधलेल्या क्षारांच्या रूपात. चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ही आम्लं स्वतःकडे ओढून घेतो आणि निकोटिन मोकळं करतो. अँडीज पर्वतातले लोक कोकाची पानं चुना किंवा राख घालून चघळतात, तेही याच कारणाने. समुद्रापल्याडच्या दोन समाजांनी सामू हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी एकच युक्ती शोधली, याचं मला आजही नवल वाटतं.

सिगारमध्ये चुना कोणी घालत नाही. तिथला चुना पान स्वतःच तयार करतं. सिगारेटचं व्हर्जिनिया जातीचं पान, आपल्याकडे आंध्रात होतं ते, गरम हवेच्या भट्टीत थोड्या दिवसांत वाळवतात. पान झटकन मरतं आणि त्यातली साखर तशीच अडकून राहते, वजनाच्या १० टक्क्यांहूनही जास्त. ही साखर जळताना आम्लं तयार होतात, म्हणून धुराचा सामू ६ च्या आसपास किंवा त्याखाली. सिगारचं पान काठ्यांवर टांगून, हवेशीर कोठारात आठवडेच्या आठवडे सावकाश वाळतं. तोडल्यावरही त्याच्या पेशी काही दिवस जिवंत असतात आणि श्वसन करत आपलीच साखर खाऊन संपवतात. मग पानांच्या थप्प्या रचतात, त्यांना क्यूबात पिलोन म्हणतात. शेणखताचा ढीग आतून तापतो तशी ही थप्पीही तापते, आणि फार तापू नये म्हणून ती मोडून पुन्हा रचतात. या आंबण्यात प्रथिनं मोडून अमोनिया सुटतो. त्या कोठारांत डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. साखर गेली, नत्राची संयुगं राहिली. असं पान जळलं की धुरात आम्ल कमी आणि अमोनिया भरपूर. सिगारच्या धुराचा सामू सुरुवातीला ७ च्या जरा खाली असतो आणि जळत जाईल तसा वर सरकत ८ च्या आसपास पोचतो. अमोनियाने तेच काम केलं जे आजोबांच्या डबीतला चुना करत होता.

सिगारचं मूल्यमापन करणारे 'ताकद' नावाचा वेगळा रकाना ठेवतात. ती चव नव्हेच. ती म्हणजे गालातून रक्तात गेलेलं निकोटिन. आणि ते फुप्फुसातून जातं तसं काही सेकंदांत मेंदूशी पोचत नाही, मिनिटं घेतं. नवख्याला म्हणूनच अंदाज येत नाही: काही वाटत नाही म्हणून तो भराभर ओढतो. मला पंचविसाव्या मिनिटाला कळलं. आधी तोंडाला पाणी सुटलं, मग कपाळावर गार घाम, मग मळमळ. गावाकडे याला 'तंबाखू लागली' म्हणतात. मेंदूतल्या ओकारीच्या केंद्राशी निकोटिन जाऊन भिडलं होतं, आणि धुराचा एक कणही मी छातीत घेतला नव्हता.

म्हणून 'छातीत घेत नाही, काही होत नाही' हे वाक्य बोलणाऱ्याला तिथेच थांबवलं पाहिजे. एका सिगारेटमध्ये ग्रॅमभरही तंबाखू नसतो. या छोट्या सिगारमध्ये आठ ग्रॅम होता. ज्या वाळवण्यात आणि आंबवण्यात सुगंध तयार होतात त्याच काळात एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसअमाइन संयुगंही तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर स्वतंत्र अहवाल काढला. नियमित सिगार ओढणाऱ्यांत तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसाचे कर्करोग वाढतात, आणि धूर आत न घेणाऱ्यांनाही तोंडाच्या कर्करोगाचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्यात स्पष्ट आहे. हाताने वळलेली, शुद्ध पानाची, महागडी, या विशेषणांनी त्यात काही फरक पडत नाही.

आणखी एक समज म्हणजे पांढरी राख हे उत्तम सिगारचं लक्षण. राखेचा रंग जमिनीतल्या खनिजांवर ठरतो, मॅग्नेशियम जास्त असेल तर राख पांढरी होते. त्यावरून माती कळेल, चव नाही. १०० पैकी गुण देण्याच्या पद्धतीवरही माझा फार विश्वास बसत नाही. बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. तो शोधनिबंध २००१ साली आला. डोळ्यांनी आधी सांगितलेलं नाक ऐकतं. सिगारची रंगीत पट्टी काढून, कोणती आहे हे न सांगता दिली, तरच दिलेल्या गुणांना काही अर्थ.

मळमळ ओसरल्यावर विझलेली सिगार पुन्हा पेटवली, ओढण्यासाठी नव्हे, राहिलेला प्रयोग करण्यासाठी. सिगारच्या पहिल्या एक तृतीयांश भागात एक ओला लाल लिटमस (आम्लारी लागलं की तो निळा होतो) धुरात धरला होता, तो लालच राहिला होता. आता शेवटचा एक तृतीयांश भाग. इथे धूर उग्र होतो, कारण आधीच्या झुरक्यांमधलं निकोटिन आणि डांबर उरलेल्या पानांवर बसत आलेलं असतं आणि निखारा जवळ आला की ते पुन्हा उडतं. भाच्याला दोन-तीन झुरके ओढायला सांगितले आणि त्याने सोडलेला नव्हे, सिगारच्या तोंडाकडून येणारा धूर रबरी फुग्याने खेचून कागदावर सोडला. मध्यभागी डांबराचा तपकिरी डाग पडला, त्यात काही दिसेना. कागद दिव्याखाली नेला. डागाच्या कडेने, जिथे डांबर पोचलं नव्हतं पण ओल पोचली होती, तिथे निळी रेघ उमटली होती. भाचा ती बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "मामा, पणजोबांची चुन्याची डबी आहे का अजून?"

आहे. पितळेची, माळ्यावरच्या ट्रंकेत.