वनस्पतिशास्त्राची अभ्याससहल: उप्सालापासून खंडाळ्यापर्यंत

वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनात सहल ही वर्गाला मागाहून मिळालेली जोड नव्हे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात म्हणून युरोपातील विद्यापीठे त्यांना पूर्वीपासूनच रानात नेत. अठराव्या शतकात स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल लिनियस यांनी गावाभोवतीच्या आठ वाटा ठरवून दिल्या होत्या, आणि वाटेत जे सापडेल ते तेथेच ओळखून दाखवले जाई. कर्णे-नगाऱ्यांच्या गजरात परतणाऱ्या या मंडळींचा उत्साह विद्यापीठाच्या वरिष्ठांना मानवला नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे केंब्रिजमध्ये जॉन हेन्स्लो यांनी हीच रीत चालवली. चार्ल्स डार्विन त्यांच्या सहलींना आवर्जून जात.

मुंबईत ही परंपरा महाविद्यालयांतून रुजली. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत असताना सह्याद्रीत हिंडत. केवळ आफ्रिकेतच आढळतो असे मानलेल्या गटातील गोड्या पाण्यातला जेलीफिश त्यांना त्या भटकंतीत सातारा जिल्ह्यातील नद्यांमध्ये मिळाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात स्विस जेझुइट धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिसंग्रह उभारला, जो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याची धुरा पुढे सांभाळणारे हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची नोंद १९५३ मध्ये प्रसिद्ध केली.

खंडाळा रेल्वेमार्गावर आहे, ही सोय होतीच. पण त्या कामाचे खरे बळ एकाच घाटात पुन्हापुन्हा जाण्यात होते. जूनमध्ये नुसत्या पानांवरून जिचा अंदाज बांधावा लागतो, ती वनस्पती ऑगस्टमध्ये फुलावर आणि ऑक्टोबरमध्ये फळावर दिसते, आणि ओळख पक्की करायला बहुधा हे सारेच लागते. कारवी हे घाटातले झुडूप तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीतल्या कित्येक तुकड्यांना ती फुललेली दिसतही नाही. प्रयोगशाळेत टेबलावर येणारा नमुना शिक्षकाने आधीच निवडलेला असतो. घाटात काय निवडायचे हेच विद्यार्थ्याला ठरवावे लागते, आणि माझ्या मते सहलीचे शैक्षणिक मोल मुख्यतः येथेच आहे.

कालांतराने सहलीचा अहवाल आणि हर्बेरियम शीट (वाळवलेला नमुना चिकटवलेला कागद) हे प्रात्यक्षिक परीक्षेच्या गुणांचे विषय झाले, आणि सबमिशनसाठी आधीच्या तुकडीची शीट नाव बदलून देण्याची युक्तीही ओघानेच आली. सरसकट नमुने उपटण्याने दुर्मीळ वनस्पतींना धोका पोहोचतो, हा आक्षेप रास्तच होता. संरक्षित क्षेत्रात वनविभागाची परवानगी लागते, आणि अनेक ठिकाणी आता छायाचित्र व नोंदवहीवरच भागवले जाते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवीच्या श्रेयांक-रचनेत क्षेत्रप्रकल्पाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अडचण वेळापत्रकाची आहे: सह्याद्रीच्या सड्यांवरील, म्हणजे कातळी पठारांवरील, अल्पायुषी वनस्पती पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांतच फुलतात, आणि नेमक्या त्याच काळात प्रथम वर्षाचे प्रवेश व अंतर्गत परीक्षा उरकायच्या असल्याने सहल हिवाळ्यावर ढकलली जाते, जेव्हा सड्यावर वाळलेल्या गवताशिवाय फारसे काही उरलेले नसते.