सूट कोरडा दिसतोय, पण केमिकल आत पोचलं असेल तर?

तो पांढरा, टोपीवाला, पुढे चेन असलेला कव्हरऑल कोव्हिडच्या काळात सगळ्यांनीच बघितला आणि तेव्हापासून केमिकल सूट म्हटलं की डोळ्यासमोर तोच येतो. गडबड अशी की त्यातले बरेचसे सूट धूळ आणि किरकोळ शिंतोडे अडवण्यापुरतेच असतात, पाइप फुटून अ‍ॅसिडची धार अंगावर आली तर त्यांच्या भरवशावर राहणं म्हणजे रेनकोट घालून विहिरीत उडी मारण्यासारखं आहे.

केमिकल कापडातून आत यायला तीन वाटा असतात. एक सरळ वाट, म्हणजे भोक, शिलाई, चेनच्या फटी. दुसरी म्हणजे केमिकल कापडालाच खातं, ते फुगतं, चिकट होतं नाहीतर कडक होऊन तडकतं. हे दोन्ही निदान दिसतं तरी. तिसरी वाट बेरकी आहे. तिला परमिएशन म्हणतात, मराठीत झिरपणं म्हणता येईल पण झिरपणं म्हटलं की ओल आठवते आणि इथे ओलसुद्धा दिसत नाही, कारण रेणू एकेक करून कापडात विरघळतात, प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्यांमधून सरकत सरकत आतल्या बाजूला निघतात आणि कापड मात्र जसंच्या तसं. हीलियमचा फुगा घ्या, गाठ पक्की, भोक कुठेच नाही, तरी दुसऱ्या दिवशी जमिनीवर लोळत असतो ना, तसंच.

याची किंमत किती मोठी असू शकते ते कॅरन वेटरहान यांच्या केसमध्ये दिसलं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात विषारी धातूंवर काम करणाऱ्या या केमिस्टच्या हातावर १४ ऑगस्ट १९९६ ला डायमिथाइल मर्क्युरीचे (पाऱ्याचं एक अतिविषारी संयुग) थोडेसे थेंब पडले. हातात लेटेक्सचे ग्लोव्हज होते, काम फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफा खेचून घेणाऱ्या कपाटात) चाललेलं, म्हणजे निष्काळजीपणा म्हणावा तर तसंही नाही. पुढच्या जानेवारीत तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, आणि ८ जून १९९७ ला त्या गेल्या. नंतर टेस्ट केल्यावर कळलं की हे केमिकल तसल्या ग्लोव्हमधून १५ सेकंदांच्या आत पार होतं. ग्लोव्ह फाटला नव्हता, तो फक्त चुकीच्या मटेरियलचा होता.

म्हणून "सगळ्यात चांगला सूट कोणता?" हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कशासाठी, किती वेळ, आणि ते केमिकल धूळ आहे, फवारा आहे, धार आहे की गॅस, हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. युरोपातल्या स्टँडर्डमध्ये टाइप १ ते ६ असे प्रकार आहेत आणि इथे आकडा जितका लहान तितकं संरक्षण जास्त, लोक नेमकं उलटं समजतात. टाइप १ गॅस आत येऊ न देणारा, ३ धारेसाठी, ४ फवाऱ्यासाठी, ५ कोरड्या धुळीसाठी, ६ हलक्या शिंतोड्यांसाठी. गंमत म्हणजे टाइप ५ च्या टेस्टमध्ये १० पैकी ८ सूटांत सरासरी १५ टक्क्यांपर्यंत धूळ आत आली तरी सूट पास होतो! ती येते मुख्यतः चेन, मनगट आणि चेहऱ्याच्या कडेने, त्यामुळे कापड कितीही भारी असलं तरी फटींकडे बघायलाच हवं.

परमिएशनचे वेगळे क्लास असतात आणि तिथे मात्र आकडा मोठा तितकं चांगलं (हे असं का ठेवलंय देव जाणे). क्लास १ म्हणजे केमिकल पार व्हायला १० मिनिटांपेक्षा जास्त, क्लास ६ म्हणजे ४८० मिनिटांपेक्षा जास्त. पण ४८० मिनिटं म्हणजे तोपर्यंत एक कणही आत येत नाही असं नव्हे. केमिकल आत येण्याचा वेग ठरलेल्या पातळीला पोचायला लागलेला तो वेळ असतो, युरोपच्या पद्धतीत ती पातळी मिनिटाला दर चौरस सेंटीमीटर १ मायक्रोग्रॅम. शिवाय टेस्ट खोलीच्या तापमानाला होते, सूटमध्ये अंग तापलेलं असतं आणि गरम झालं की परमिएशन वाढतं. एखादं अतिविषारी केमिकल असेल तर नुसता क्लास बघून भागत नाही. आणि हा क्लास त्या एका केमिकलपुरताच, सल्फ्युरिक अ‍ॅसिडला दिवसभर दाद न देणारं कापड एखाद्या सॉल्व्हंटला काही मिनिटांत वाट देऊ शकतं, दोन केमिकल मिसळली तर त्याहून वेगळंच काहीतरी. तेव्हा आधी केमिकलची सेफ्टी डेटा शीट (त्याच्या धोक्यांची आणि काळजीची माहिती देणारा कागद), मग सूट बनवणाऱ्याचा परमिएशनचा तक्ता, आणि सूटचा रंग वगैरे सगळ्यात शेवटी.

शिलाईसुद्धा उलटून बघाच. साधी शिलाई म्हणजे सुईच्या भोकांची रांग, धुळीला एकवेळ चालेल, पण धारेसाठी शिलाईवर टेप चिकटवलेली हवी. साइज घेताना हात वर करून खाली बसून बघा, तंग सूट बरोबर मांड्यांमध्ये उसवतो. उगाच जाड सूट घेणंही शहाणपणाचं नाही, घाम सुकत नाही, अंग तापत जातं आणि चक्कर येऊन माणूस केमिकलच्या आधी उकाड्यानेच पडतो.

काढताना सूट आतली बाजू बाहेर करत खाली गुंडाळत न्यायचा, आतले ग्लोव्हज शेवटी, कारण तेव्हा सगळं केमिकल बाहेरच्या बाजूला बसलेलं असतं आणि घाई झालेली असते.