घरगुती क्लोनरची पार्श्वभूमी: फवारा पानांवरून बुडाकडे

घरी बनवलेल्या क्लोनरला, म्हणजे छाटलेल्या डहाळीला (कटिंगला) मुळ्या फोडायच्या डब्याला, सगळे सर्रास 'हायड्रोपोनिक', म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यात झाड वाढवणारा, म्हणतात. पण झाकण उचलून पाहिलं तर पहिले आठ-दहा दिवस त्या डब्यात बहुतेकदा साधं पाणीच असतं. कटिंगला मुळ्याच फुटलेल्या नसतात, तर खत घालून ती खाणार कशाने? त्यामुळे क्लोनरचा इतिहास हायड्रोपोनिक्सपासून सुरू करण्याची जी पद्धत आहे, ती मला अर्धवट वाटते. पंप आणि डबा तिकडून आला हे मान्य. डब्यामागची कल्पना मात्र रोपवाटिकेतल्या मिस्ट चेंबरमधून, म्हणजे कटिंगवर बारीक फवारा उडवायच्या कक्षातून, आली आहे.

'क्लोन' हा शब्दही मुळात माळीकामातला. १९०३ मध्ये एका अमेरिकी वनस्पतीशास्त्रज्ञाने कंद, कलम किंवा फाट्यापासून वाढवलेल्या एकाच झाडाच्या पिढ्यांसाठी तो सुचवला. डहाळीसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याने तो घेतला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या एकाने उच्चार स्पष्ट व्हावा म्हणून इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक 'ई' जोडला. प्रयोगशाळेत क्लोन केलेल्या मेंढीपर्यंत हा शब्द फार उशिरा पोचला. मराठीत 'कलम' म्हटलं की गुटी, भेट, छाट असं सगळंच त्यात येतं. त्यामुळे क्लोनर म्हणजे छाट कलमांना मुळ्या फोडायचं यंत्र, एवढं म्हटलं की पुरे.

कटिंग मरते ती बुडाला पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, तर वरची पानं पाणी उडवत राहतात म्हणून. खालून भरपाई करायला मुळ्या नसतात. जुन्या माळ्यांनी यावर शोधलेले सगळे उपाय पानांभोवतीची हवा दमट ठेवण्याचे होते. काचेची घंटा, ओल्या वाळूवर काचेची पेटी, सावली. १८२९ च्या सुमारास लंडनच्या एका डॉक्टरला बंद बाटलीत आपोआप नेचा उगवलेला दिसला आणि त्यातून झाडं समुद्रापार नेण्याच्या काचपेट्या निघाल्या. त्यामागचं तत्त्वही हेच.

१९३४-३५ मध्ये मुळ्या फोडणारी संजीवकं, म्हणजे झाडाची वाढ घडवणारी रसायनं, ओळखली गेली. आधी झाडाचं स्वतःचं आयएए आणि लगेच त्याची टिकाऊ भावंडं, आयबीए आणि एनएए. काही वर्षांतच त्यांची पावडर बाजारात आली. त्याआधी युरोपातले काही माळी कटिंगच्या बुडाला चीर देऊन त्यात धान्याचा दाणा बसवत. दाणा अंकुरताना तेच संजीवक सोडतो, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पावडर आल्यावर मुळ्या लवकर फुटू लागल्या, पण तोवर पान जगवायचा प्रश्न होता तिथेच होता.

तो सोडवला मिस्टने. १९४० च्या दशकाच्या शेवटापासून पुढच्या दहा वर्षांत रोपवाटिकांनी काचपेट्या बाजूला सारल्या आणि कटिंगवर थेट बारीक फवारा सुरू केला. पानावर पाण्याचा पातळ थर राहिला की पान थंड राहतं आणि भर उजेडातही सुकत नाही. पहिले प्रयोग चोवीस तास फवाऱ्याचे होते आणि तिथेच गोची झाली. माती चिकचिकीत झाली, बुडं गारठली आणि सततच्या धुण्याने पानांतली अन्नद्रव्यं निघून ती पिवळी पडली. मग काही सेकंद फवारा आणि काही मिनिटं विश्रांती असं चक्र आलं. ते चालवायला 'इलेक्ट्रॉनिक पान' निघालं. हे म्हणजे दोन इलेक्ट्रोड बसवलेला छोटासा तुकडा. तो कटिंगच्याच ओळीत ठेवायचा. तो वाळला की त्यांच्यातला प्रवाह तुटतो आणि पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो. दुसरा प्रकार तराजूसारखा होता. स्टीलच्या जाळीचा चौकोन पाण्याने जड झाला की खाली झुकतो आणि फवारा बंद करतो, वाळला की वर येतो आणि चालू करतो. मला ही जाळी सगळ्या क्लोनर इतिहासातली सर्वात हुशार वस्तू वाटते. घड्याळाला ऊन समजत नाही, तिला समजतं.

हायड्रोपोनिक्सची गोष्ट ओळखीची असल्याने थोडक्यात आटोपतो. १८६० च्या दशकात जर्मनीत पाण्यात रोपं वाढवून क्षारांचे हिशेब मांडले गेले. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियात 'हायड्रोपोनिक्स' हे नाव छापून आलं. त्याआधी सुचवलेलं नाव मत्स्यपालनवाल्यांनी आधीच घेतलेलं निघालं होतं. आणि १९३८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्याच दुसऱ्या दोघांनी, चांगल्या मातीपेक्षा यात जास्त पीक येतं असं नाही, असं सांगणारं पत्रक काढलं. घरगुती क्लोनरच्या जास्त जवळची शाखा हवेत मुळं लटकवण्याची. १९११ मध्ये रशियात तसा प्रयोग झाला. १९४२ च्या सुमारास मुळं न दुखवता तपासता यावीत म्हणून संशोधकांनी त्यांच्यावर धुकं सोडलं. १९५७ मध्ये त्या पद्धतीला 'एरोपोनिक्स' हे नाव मिळालं. १९८३ मध्ये मायक्रोप्रोसेसरवर चालणारं, नळाला आणि विजेच्या प्लगला जोडून मुळ्या फोडणारं यंत्र विक्रीला आलं. फवारा पानांवरून काढून बुडावर नेण्याची उलटापालट तिथे बाजारात उतरली.

आता नावाचा घोळ. काटेकोर एरोपोनिक्समध्ये उच्च दाबाचा पंप आणि साधारण ५० मायक्रॉनच्या आसपासचे थेंब लागतात. घरच्या डब्यातला कारंज्याचा पंप एवढा दाब देऊच शकत नाही. तो देतो शिंतोडे. म्हणून 'एरोपोनिक' म्हटलं की जाणकार नाक मुरडतात आणि 'हायड्रोपोनिक' म्हटलं की वर सांगितलेली अडचण येते. एअर स्टोनवर, म्हणजे माशांच्या टाकीत असतो तशा हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडावर, चालणाऱ्या डब्यात तर फवाराही नसतो. फुटणाऱ्या बुडबुड्यांचे तुषार बुडाला लागतात, बस्स. पाण्याला कंपनांनी धुकं बनवणाऱ्या अल्ट्रासॉनिक फॉगरचं धुकं मात्र खरंच बारीक असतं, पण फॉगर पाणी तापवतो.

घरगुती डबा रुळला तो १९९० नंतर, आणि तोही मुख्यतः बंद खोलीत दिव्यांखाली झाडं वाढवणाऱ्यांमुळे. त्यातले बरेच जण कायद्याच्या पलीकडचं पीक घेत होते, त्यामुळे कोणी आधी काय जोडलं याची नोंद कुठेच नीट नाही. आराखडा मात्र जवळपास सगळीकडे सारखाच: झाकणाचा अपारदर्शक डबा, तळाला सबमर्सिबल पंप, त्यावर पीव्हीसी पाइपची चौकट, चौकटीत चौफेर पाणी उडवणारी सूक्ष्म नोझल्स आणि झाकणाला होल सॉने (गोल भोक पाडायच्या करवतीने) पाडलेल्या सुमारे ५ सेंमीच्या भोकांत चिरलेल्या निओप्रीन कॉलर, म्हणजे दांडा धरणाऱ्या मऊ रबरी चकत्या. कॉलरने दोन कामं एकदम साधली. दांडा मातीशिवाय उभा राहिला आणि उजेड आत जाणं थांबलं.

खरा वाद पंपाचा आहे. सतत चालवायचा की टायमरवर? सततवाल्यांचा मुद्दा खोटा नाही. कटिंगला माती नाही, म्हणजे साठाही नाही. टायमर अडकला तर बुडं काही तासांत सुकतात. शिवाय उडून खाली पडणारं पाणी हवा घेऊनच पडतं. स्वस्तातले यांत्रिक टायमर पंधरा मिनिटांच्या टप्प्याचे असतात, म्हणून अनेकांना दुसरा पर्यायच नव्हता.

पण पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन डब्यातच राहते. २० वॉटचा पंप आणि २० लिटर पाणी घ्या. बाहेर काहीच उष्णता गेली नाही असं धरलं तर तासाला साधारण ०.९ अंश वाढतात. प्रत्यक्षात डबा थोडा निवतो, तरी माझ्या पहिल्या डब्यात सकाळी हात घातला तर पाणी कोमट लागलं होतं, आणि बुडं तपकिरी, बोटांना बुळबुळीत. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. वर पिथियमसारख्या कुजव्या रोगांना ऊब मानवते. एक मिनिट चालू, पाच मिनिटं बंद या चक्रात पंप तासाला दहाच मिनिटं चालतो, म्हणजे उष्णता एक षष्ठांश. आणि बंद डब्यात हवा इतकी दमट असते की पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनेही बुड सुकत नाही. थोडक्यात, मिस्टवाल्यांनी १९५० च्या दशकात पानांवर जो धडा घेतला, तोच डबेवाल्यांनी चाळीस वर्षांनी बुडांवर पुन्हा गिरवला. अलीकडे सेकंदांचं चक्र लावता येणारे डिजिटल टायमर स्वस्त झाले आणि सततवाल्यांची संख्या घटली. ज्यांची खोली मुळातच गार आहे, ते आजही टायमर लावत नाहीत आणि त्यांचं काही बिघडत नाही.

एक प्रश्न मात्र मिस्ट चेंबरला कधी पडला नव्हता. तिथे मुळी मातीत किंवा वाळूतच फुटायची. डब्यात दांड्यावर आधी पांढरे फोड दिसतात, मग लांबसडक, ठिसूळ, पाण्यात वाढलेली मुळं लोंबू लागतात. कॉलरमधून काढताना ती झाकणाच्या भोकात अडकून कडकन तुटतात. दोन सेंमीला काढून मातीत लावायचं की पाच होऊ द्यायचं, यावर अजून मतं जुळलेली नाहीत.