परागीभवन वेगळं, फलन वेगळं

फुलावर मधमाशी बसली की आता फळ धरणार, असं आपण धरूनच चालतो. मधमाशीने केलं ते परागीभवन: पराग कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर पोचला, एवढंच. फलन, म्हणजे नर आणि मादी पेशींचं एकरूप होणं, त्यानंतर होतं, बीजांडाच्या (ज्याचं पुढे बी होतं त्याच्या) आत, आणि ते होईलच असं नाही.

हा फरक बघायचा तर मक्यासारखं पीक नाही. शेंड्यावरचा तुरा पराग सांडतो, वारा तो उडवतो आणि कणसाचे केस झेलतात. एकेक केस एकेका बीजांडाला जोडलेला. जितके केस तितकेच दाणे धरू शकतात. केसावर पराग चिकटला की परागीभवन झालं. बीजांड मात्र तिथून वीसेक सेंटिमीटर आतही असू शकतं. परागकणाला नळी फुटते आणि केसाच्या आतून वाढत साधारण 24 तासांत तिथे पोचते. एका केसावर कितीही परागकण पडोत, बहुधा एकच कामी येतो.

नळीतून दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर जननपेशी येतात. एक अंडपेशीशी एकरूप होतं, त्याचा गर्भ होतो. दुसरं बीजांडातल्याच मध्यपेशीतल्या दोन केंद्रकांशी मिळतं, त्याचा भ्रूणपोष, म्हणजे गर्भाला पोसणारा अन्नसाठा. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सेर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये हे द्विफलन उलगडलं. मला तरी सपुष्प वनस्पतींतली ही सर्वात विलक्षण गोष्ट वाटते. मक्याचं पीठ मुख्यतः या भ्रूणपोषाचंच, म्हणून पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचा पराग आला तर त्याच कणसात पिवळसर दाणे दिसतात. हापूसवर पराग कुठल्याही आंब्याचा येवो, गर हापूसचाच राहतो, कारण गर अंडाशयाच्या, म्हणजे बीजांडाभोवतीच्या हापूसच्याच भागाच्या, भिंतीपासून बनतो.

लाह्यांच्या मक्याच्या काही वाणांत तर साध्या मक्याचा पराग केसावर पडतो, नळीही फुटते, पण वाटेतच थांबते. परागीभवन झालं, फलन नाही.

शेतात हे तपासता येतं. कणसावरची पानं अलगद सोडवून कणीस हलवायचं. फलन झालं की दोन-तीन दिवसांत केस बीजांडापासून सुटतो आणि गळून पडतो. न झालेला चिकटून राहतो. टोकाकडचे केस सर्वात उशिरा बाहेर येतात, त्यामुळे चिकटलेले बहुधा तिथेच सापडतात. तोवर तुऱ्यातला पराग संपला असेल, तर कणसाचं टोक रिकामं राहणार.