लाळेतला रेणू नेमका कुणाचा?

लाळ तपासून आजार ओळखता येतो का, हा प्रश्न आता जोरात चर्चेत आहे, पण त्याची मुळं बरीच जुनी आहेत. लाळ स्टार्चची साखर करते हे लॉयक्स नावाच्या जर्मन माणसाने १८३१ मध्येच दाखवलं होतं, आणि १८८५ मध्ये बर्लिनच्या ब्रीगरने कुजणाऱ्या प्रेतांमधून पुट्रेसिन आणि कॅडाव्हरिन हे दोन भयंकर वासाचे पदार्थ वेगळे काढले, हे दोन पदार्थ पुढे परत भेटणारेत.

मला सगळ्यात आवडतं ते रॉबर्ट स्टीफन या दंतसंशोधकाचं १९४० च्या दशकातलं काम. दातावरच्या किटणाला बारीक इलेक्ट्रोड टेकवायचा, ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला सांगायची आणि बघत बसायचं, किटणातले जंतू साखरेचं ॲसिड करतात आणि काही मिनिटांत पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त ॲसिड) धाडकन खाली येतो, अगदी ५.५ च्याही खाली जिथे दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं, आणि मग लाळ ते ॲसिड हळूहळू मारत मारत पीएच परत वर आणते, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. जंतूंनी साखरेचं काय केलं ते आकड्यात दिसलं.

पण हे सगळं एकेक पदार्थ धरून चाललेलं. 'मेटाबोलोम', म्हणजे पेशींच्या कामकाजात तयार होणाऱ्या छोट्या रेणूंचा (मेटाबोलाइट्सचा) अख्खा संच, हा शब्द १९९८ मध्ये आला, एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या रेणू ओळखायच्या आणि मोजायच्या तंत्रांमुळे एका थेंबात शेकडो रेणू एकदम मोजता यायला लागले. २०१० मध्ये जपानच्या केओ विद्यापीठाच्या सुगिमोतो आणि सहकाऱ्यांनी २१५ जणांची लाळ तपासली, त्यात तोंडाच्या, स्तनाच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे पेशंट होते, हिरड्यांच्या आजाराचे होते आणि निरोगीही, आणि ५७ मेटाबोलाइट्सवरून गटांमधला फरक दिसला. स्वादुपिंड कुठे आणि तोंड कुठे! माझ्या मते इथून हा विषय फक्त डेंटिस्टचा राहिला नाही.

आता खरी अडचण. पुट्रेसिन तोंडातले जंतूही बनवतात आणि आपल्या पेशीही बनवतात, भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी तर जास्तच, कॅडाव्हरिन मात्र मुख्यतः जंतूंचं, आणि हिरड्या बिघडल्या की हे दोन्ही वाढलेले दिसतात. मग लाळेत पुट्रेसिन जास्त सापडलं तर बोट दाखवायचं कुणाकडे? त्यात सॅम्पल घेतल्यावर ट्यूबमध्येही जंतू कामावरच असतात, म्हणून काही खाल्ल्यावर निदान तासभर थांबायचं, लाळ ओढून न थुंकता आपोआप ट्यूबमध्ये ओघळू द्यायची, ट्यूब लगेच बर्फात ठेवायची, सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये गरगर फिरवून पेशी वेगळ्या काढायच्या आणि उणे ८० डिग्रीला ठेवून द्यायची. यात कंटाळा केला तर पुढचं महागडं मशीन काही कामाचं नाही.

रेणू जंतूंचा की आपला हे ओळखायची आणखी एक युक्ती आहे ती जुनीच, गालाच्या आत वरच्या दाढेसमोर कानाजवळच्या ग्रंथीची नळी उघडते, तिच्यावर छोटा कप बसवून जंतूंना भेटायच्या आधीचीच लाळ गोळा करायची. ही लाळ आणि तोंडातली एकत्र लाळ शेजारी ठेवली की ॲसिटेटसारखी जंतूंची ॲसिड्स दुसरीत भरपूर दिसतात आणि पहिलीत जवळजवळ नसतातच.