बघितलं, पण दिसलं नाही

पुतण्याची मुलाखत फोनवर होती. औशाकडच्या आमच्या गावात रेंज मिळते ती माळवदावरच, म्हणून पोरगं भर उन्हात वर जाऊन उभं राहिलं. मधेच पलीकडच्या साहेबांचा आवाज तुटायला लागला, तेव्हा यानं अदबीनं सांगितलं, 'सर, आय ॲम नॉट लिसनिंग यू.' त्याला म्हणायचं होतं, तुमचा आवाज येत नाही. साहेबांना कळलं ते, मी काही तुमचं ऐकत नाही!

खाली आल्यावर तोंड पाडून म्हणतो, 'काका, मला ऐकूच येईना गेलं, मग काय म्हणावं?'

उत्तर त्याच्याच तोंडात होतं. 'मी ऐकेना' असं तो म्हणालाच नव्हता, 'मला ऐकू येईना' म्हणाला होता. हिअर म्हणजे ऐकू येणं, लिसन म्हणजे ऐकणं. तसंच सी म्हणजे दिसणं आणि लुक म्हणजे बघणं. पण सी म्हणजे पाहणे, लुक म्हणजे पाहणे, वॉच म्हणजेही पाहणे असंच आपण पोरांकडून घोकून घेतो आणि घरात असलेला भेद घालवून बसतो.

ओके विबेर्ग या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञानं 1980च्या दशकात पन्नासेक भाषांमधली इंद्रियांची क्रियापदं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यात त्याला तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या: माणूस मुद्दाम करतो ते, त्याला आपसूक जाणवतं ते, आणि वस्तू कशी भासते ते. इंग्रजी यासाठी शब्द बदलते. मराठी बऱ्याचदा 'मी'चं 'मला' करते. 'मी बघतो' यात करणारा मी. 'मला दिसतं' यात मात्र, ताप यावा किंवा भूक लागावी तसं, ते माझ्याकडे येतं. गोची तिसऱ्या ठिकाणी होते. 'तू वाळलेली दिसतेस' यातही आपलं दिसणंच, पण इंग्रजीत तिथं सी चालत नाही, लुक लागतं.

हा भेद नुसत्या व्याकरणातला नाही. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री या मानसशास्त्रज्ञांचा 1999 सालचा प्रयोग गाजलेला आहे. काही जण एकमेकांकडे चेंडू टाकताहेत असा व्हिडिओ दाखवायचा आणि एका संघाचे पास मोजायला सांगायचे. मधूनच गोरिलाचा पोशाख घातलेलं माणूस चालत जातं. जवळपास निम्म्या लोकांना ते कळलंच नाही. डोळे पडद्यावर होते, प्रकाशही आत जात होता, पण लक्ष सगळं मोजण्यात. मराठीत हा अख्खा प्रयोग चार शब्दांत मावतो: बघितलं, पण दिसलं नाही.

राहिलं वॉच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जागं राहणं असा होता, वेक हा त्याचाच भाऊबंद. डुकरांनी पीक तुडवू नये म्हणून आपल्याकडे रात्री रानात जागलीला जातात, तो शब्दही जागण्यातूनच आलेला. दोन भाषांना एकच गोष्ट सुचली याची मला फार गंमत वाटते. म्हणून हलतंय, बदलतंय, पुढं काय होईल सांगता येत नाही, अशा गोष्टीला वॉच: क्रिकेटची मॅच, चुलीवर उतू जाणारं दूध, बांधावर आलेली गाय. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मात्र लुक ॲट. सिनेमाला सी आणि वॉच दोन्ही चालतात, तिथं फार डोकं लावू नये.

आता पुतण्याचं वाक्य. आपण म्हणतो, 'आवाज यायलाय का?' त्या 'यायलाय'मुळं जिभेवर आय ॲम हिअरिंग येतं. पण सी, हिअर अशा आपसूक जाणवण्याच्या क्रियेला इंग्रजी सहसा आयएनजी लावत नाही, तिथं कॅन वापरते. आय कान्ट हिअर यू. (आय ॲम सीइंग हर म्हणजे माझं तिच्याशी जुळलंय; असं म्हणून बघा, लोक लग्नाची तारीख विचारतील.) मुद्दाम करायच्या लिसन आणि वॉचला आयएनजी खुशाल लावा, फक्त लिसनमागे टू विसरू नका. पुतण्या तोही विसरला होता.