परक्याला घरात घेण्याचा वाद : अमेरिका ते केडगाव

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी स्थलांतरितांविषयीच्या कडक धोरणाला ख्रिस्ती धर्माचा आधार दिला. आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव आणि त्यानंतर बाकीचं जग, असा प्रेमाचा क्रम त्यांनी सांगितला. ही मांडणी संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस या जुन्या ख्रिस्ती विचारवंतांपर्यंत मागे जाते. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहिलं आणि प्रेमाचा खरा क्रम बायबलमधल्या, येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातून समजून घ्यावा, असं सुचवलं. त्या दाखल्यात रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) पाहून पुढे जातात. त्याला उचलतो तो परक्या, नकोशा मानलेल्या जमातीचा माणूस, आणि उतारशाळेचा खर्चही तोच करतो.

दाखल्यातला हा खर्चाचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८२ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात पाद्री जॉन फाइफ यांनी मध्य अमेरिकेतल्या यादवीतून पळून आलेल्यांसाठी आपलं चर्च उघडलं, तेव्हा त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली. १९८६ मध्ये ते आणि त्यांचे काही सहकारी न्यायालयात दोषी ठरले.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी सुरू केलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी त्यांनी पुण्यात आणलं. तिथे धर्मांतर होतं, या आरोपावरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ती शंका आजही विचारली जाते. मदतीमागचा हेतू तपासावा, यात गैर काही नाही. पण पुढे जे घडलं, ते त्या वादापेक्षा मोठं होतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या आई-वडिलांचा मृत्यू १८७० च्या दशकातल्या दुष्काळात झाला होता, त्यामुळे भूक त्यांना सांगावी लागत नव्हती. या मुली परप्रांतातल्या, वेगळी बोली बोलणाऱ्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला आणि शहरात इतक्या जणींना ठेवणं अशक्य झालं. साठेक किलोमीटरवर, दौंडच्या वाटेवर केडगावला आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांनी मुलींना हलवलं. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या शेकड्यांवरून हजारांत गेली. विहिरी, शेती, विणकाम, छपाई अशी कामं मुलींना शिकवली गेली. प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत आपल्या आश्रमातल्या एका मुलीला मिळालेल्या वागणुकीवर जाहीर पत्र लिहायलाही त्या कचरल्या नाहीत. सरकार आणि सनातनी दोघांचाही रोष त्यांनी पत्करला.

मला व्हान्स यांची मांडणी इथेच लंगडी वाटते. आपल्यांची जबाबदारी आधी, हे खरंच. ती झटकून जगाचा कळवळा दाखवणं पोकळ आहे. पण रमाबाईंनी ‘आपले’ कोण हे आधी ठरवलं नाही. समोर आलेल्यांना आत घेतलं आणि त्या आपल्या झाल्या.

भारतात आज हा प्रश्न कायद्याच्या भाषेत येतो. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट आहे. त्यांत ख्रिस्ती आहेत, मुस्लिम नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण तरुणांपुढे व्हिसाची मुदत, फी आणि खोलीचं भाडं एकदमच उभं राहिलं. त्यांच्यातल्या बहुतेकांना या कायद्यात जागा नव्हती.